घरी नेलेलं प्रभुभोजन

माझे हात थरथरतात म्हणून मी जास्त मजेत आहे, असं सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे.

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा. मनुका उकळून केलेला द्राक्षारस बोटभर उंचीच्या काचेच्या प्याल्यांत भरायचा आणि तो ट्रे बाकाबाकापाशी नेऊन लोकांपुढे धरायचा, हे काम वर्षानुवर्षं माझं होतं. पोस्टातली नोकरी संपली, पोरं पुण्याला गेली, तरी हे सुटलं नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता. ट्रे घेऊन निघालो की आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं.

मग हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहणार, गोळ्या घ्या. घेतल्या. तरी एका रविवारी पुढच्या बाकावर बसलेल्या नव्या नवरीच्या अंगावर प्याले उपडे झालेच. लग्नाची पांढरी साडी होती हो ती! पोरगी बिचारी उलट मलाच म्हणाली, "असू द्या काका, धुतलं की निघते." निघते कसली डोंबलाची!

त्या दिवसापासून ट्रे सोडला. मग पहिल्या रविवारी चर्चमध्ये जाणंही सोडलं. बायकोला सांगायचो, कंबर दुखते.

"तुमची कंबर पहिल्या रविवारीच काहून दुखते जी?" ती विचारायची.

मी तिच्यावर खेकसायचो. देवावरही खेकसलो. आयुष्यभर तुझं काम केलं आणि शेवटी माझे हातच काढून घेतलेस, म्हटलं.

एका रविवारी दुपारी पाद्रीसाहेबच घरी आले. मला वाटलं, आता समजूत काढणार. पण ते म्हणाले, "काका, आपल्या संडे स्कूलच्या बाई वर्षभर अंथरुणाला खिळल्या आहेत. घरी प्रभुभोजन आणतो म्हटलं तर नको म्हणतात. तुम्ही चला सोबत."

"मी? तिथंही सांडू का?"

"चला तर खरं."

बाईंचं घर सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत. आम्हाला पाहताच बाई कडाडल्या. आवाज अजून तसाच, वर्गातली पोरं चळचळा कापतील असा.

"साहेब, नाही म्हटलं ना मी? माझे हात पाहा, कसे कापतात. प्रभूचा प्याला चादरीवर सांडला तर बरं दिसते का? अन् ही सून म्हणते, चमच्यानं पाजते. मी काय लेकरू आहे?"

एवढं बोलून त्यांनी हात चादरीत लपवले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. रडत होत्या. प्रभुभोजनावाचून त्या किती झुरत होत्या, ते तेव्हा कळलं मला.

पाद्रीसाहेबांनी काही वाद घातला नाही. प्रार्थना केली, भाकर मोडली, बाईंच्या तोंडाशी धरली. ती त्यांनी घेतली. मग साहेबांनी प्याला सरळ माझ्या हातात दिला. मला घाम फुटला. प्याला पुढे केला आणि तो लागला नाचायला. बाईंनी मान वळवली. आधी माझा हात पाहिला, मग मला.

"भाऊ, तुमचे बी?"

"माझे बी, बाई."

त्यांनी दोन्ही हात चादरीतून काढले आणि माझ्या हातांवर ठेवले. चार थरथरते हात आणि एक एवढासा प्याला! निम्मा द्राक्षारस चादरीवर गेला, थोडा माझ्या बाहीवर. उरलेला बाई प्यायल्या. मग खुदकन हसल्या, आणि मलाही हसू आवरेना. सून चादर बदलायला धावली, तर तिला म्हणाल्या, "राहू दे वं, काही बिघडत नाही."

निघताना पाद्रीसाहेबांना त्यांनी दटावलं, "पुढच्या महिन्यात धडधाकट माणूस पाठवू नका. यांनाच पाठवा."

इतकी वर्षं मंडळी मला काम देत आली होती, पण हेच हवेत म्हणून मला असं मागून कोणी घेतलं नव्हतं.

"येतो, बाई," मी म्हणालो.