ओढताई

गाड्यांच्या सीट शिवण्याच्या त्या दुकानात तिला सगळे ओढताई म्हणत. स्पंजवर रेक्झिन ताणून बसवायचं आणि वाकड्या सुईने कडेकडेने टाके घालायचे, हे काम तिथे बऱ्याच जणी करत, पण शेवटचा टाका आवळायची वेळ आली की बाकीच्या हात झटकून मोकळ्या होत आणि हाक मारत, "ओढ गं ताई, ओढ!" ती एक पाय लाकडी चौकटीला टेकवायची, मेण लावलेला दोरा तळहाताला गुंडाळायची आणि ओढायची. रेक्झिनची सुरकुती कुठल्या कुठे जायची. कापड बेतणारी मावशी कात्री खाली ठेवून म्हणायची, "हिच्या नवऱ्याने भांडताना जरा लांबच उभं राहावं बाई."

नवरा भांडत नसे. तो माल पोचवणारी गाडी चालवायचा, दिवसभर लोकांच्या दारात हॉर्न वाजवून यायचा आणि घरी आल्यावर त्याला चमचा पडलेलाही सहन होत नसे. त्या संध्याकाळी मात्र तो बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात आला आणि फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला.

"बघ. तुझा दादाच ना हा?"

शेजारच्या शहरात एका व्यायामशाळेच्या भिंतीवर लावलेल्या पत्रकाचा फोटो होता. नुसत्या हातांनी खिळे आणि बोल्ट वाकवण्याची स्पर्धा, काही महिन्यांनी होणारी. खाली दोन पंच, एक बाई आणि एक पुरुष. पुरुषाचं कपाळ मागे सरकलेलं, दाढीत पांढरं आलेलं. तिने साबणाचे हात तसेच धरून ठेवले आणि चेहऱ्याकडे न बघता छातीवर दुमडलेल्या त्या हातांकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. नळ वाहतच होता.

त्यांचे वडील लेथवर काम करायचे. घराची पुढची खोली म्हणजेच वर्कशॉप. जेवायला बसलं तरी पायाखाली लोखंडाचा चुरा लागायचा. वडिलांच्या मते लोखंडाशी बोलायला यंत्र असतं, मोजमाप असतं. दादाला ते पटायचं नाही. तो खिळ्याची दोन टोकं चामड्यात गुंडाळायचा, मुठी हनुवटीखाली आणायचा, आणि दात न दाखवता, आवाज न करता खिळा दुमडून टाकायचा. बहीण नक्कल करायला गेली की ओरडायचा, "कोपर आत घे!" मग तो वाकलेला खिळा तिच्या तळहातावर ठेवायचा. खिळा कोमट असायचा. ती मूठ मिटून घ्यायची. तिला वाटायचं, ही दादाच्या हाताची ऊब आहे, सांडता कामा नये.

एका दुपारी मित्रांची पैज लागली आणि दादाने टेबलावरचा पहिला हाताला लागलेला बोल्ट उचलून वाकवला. तो नेमका वडिलांनी एका गिऱ्हाइकाच्या पंपासाठी सकाळपासून घडवलेला होता. आटेसुद्धा पाडून झाले होते. वडील चहा पिऊन परत आले, त्यांनी तो बोल्ट हातात घेतला, फिरवून बघितला आणि एवढंच विचारलं, "बाजारातले बोल्ट संपले होते का रे?"

दादा हसला. हसायला नको होतं. पुढे शब्दाने शब्द वाढला. वडील म्हणाले, हा सरळ करून आण आणि मगच घरात ये. वाकलेला बोल्ट ठोकून सरळ करता येतो, पण त्याचे आटे पुन्हा नटला लागत नाहीत, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. दादा चप्पल घालून निघाला तो गेलाच. शेजारीपाजारी म्हणायचे, बाप तसाच लेक, दोघांचंही एकच, मोडेन पण वाकणार नाही. लोकांना त्यात कौतुक वाटायचं. घरात जेवायला दोनच ताटं उरली होती, त्याचं कोणाला काय.

वडील गेले तेव्हा दादा आला. गर्दीच्या अगदी मागे उभा होता. ती माणसांतून वाट काढत तिथवर पोचेपर्यंत ती जागा रिकामी झाली होती. त्यानंतर फोन लावला की तो उचलायचा, "सगळं ठीक ना?" विचारायचा आणि ठीक आहे म्हटलं की ठेवून द्यायचा. एकदा तिच्या मनात आलं, नाही म्हणावं. म्हणावं, काहीच ठीक नाही. पण तिला खोटं बोलता येत नसे, आणि तोवर त्याने नंबर बदलला.

"जाऊ या की बघायला," नवरा म्हणाला. "पुढच्या रांगेत बसू."

"खुर्चीत बसलेल्याकडे तो बघणार नाही. बघितलंच तर मागच्या दाराने जाईल." तिने नळ बंद केला. "पंचाला स्पर्धकासमोर उभं राहावंच लागतं. मी भाग घेते."

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं, मग सिंककडे, जणू तिथून कोणी दुसरंच बोललं असावं. "अगं, खिळे वाकवता वाकवता खिळखिळी होशील!"

"होईन. अहो, बूट काढा आधी."

दुसऱ्या दिवशी दुकानातून रेक्झिनचे दोन तुकडे मागून घेऊन ती कोपऱ्यावरच्या खिळेवाल्या काकांकडे गेली. चकचकीत, काळसर, टणक दिसणारे खिळे तिने स्वतःच निवडले. सुरुवात करायची तर चांगल्या मालाने, असा तिचा हिशोब. घरी येऊन गुंडाळला, मुठी आवळल्या, दाबलं. खिळा हललाही नाही. पुढचे काही दिवस तेच. तळहाताच्या मुळाशी निळं पडलं. शेवटी चिडून तिने वडिलांच्या जुन्या व्हाइसमध्ये, त्या लोखंडी पकडीत, खिळा धरला आणि हातोडा मारला, निदान वाकतो कसा ते तरी दिसावं म्हणून. खिळा वाकला नाही. ठण्ण करून त्याचे दोन तुकडे झाले आणि एक तुकडा तिच्या कानाजवळून भिंतीवर जाऊन आपटला.

तुकडे घेऊन ती काकांकडे गेली. काका आधी घाबरले, मग पोट धरून हसले.

"अहो बाई, हा भिंतीचा खिळा! सिमेंटात घुसायचा म्हणून त्याला कडक पाणी दिलेलं असतं. हा मोडेल, पण वाकायचा नाही."

तिने दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले.

"लागलं का कुठे?"

"नाही. आमच्या घरात असे दोन होते," ती म्हणाली. "वाकणारा द्या."

काकांनी लाकूडकामाचे साधे, भुरकट खिळे पुड्यात बांधून दिले. "दिसायला गरीब आहे, पण हा ऐकतो."

तिथून खरी सुरुवात झाली. रेक्झिन निसटतं म्हणून मावशीने तिला जाड चामड्याचे दोन तुकडे बेतून दिले, अर्थात बोलणी ऐकवत. "सीटचं चामडं आहे हे, माणसं बसतात यावर, तू खिळे झोपवतेस!" पण कडा मात्र तिने नीट तासून दिल्या. फोनवरचे व्हिडिओ बघून कळलं, की रोज करायचं नाही. स्नायू लवकर तयार होतात, शिरा आणि सांधे मागून रखडत येतात, त्यांच्यासाठी थांबावं लागतं. आधी बारीक खिळा, मग तेवढाच लांब पण जाड, मग आखूड. कारण आखूड खिळा जास्त हट्टी. आवळलेल्या दोऱ्याने तिची पकड आधीच तयार केली होती, पण ओढणं वेगळं आणि दाबणं वेगळं. ओढताना माणूस मागे झुकतो. इथे सगळं अंग दोन मुठींच्या मधल्या एवढ्याशा जागेत आणून ओतावं लागायचं.

पहिला खिळा वाकला तो एका रविवारी, भात शिजत असताना. बराच वेळ काहीच नाही, मग आत कुठेतरी लोखंडाने मान तुकवली. तिला इतका धक्का बसला की ती थांबली. थांबायचं नसतं हे तिला माहीत होतं. पहिला कोन आला की तसंच रेटून टोकं जवळ आणायची. तिने पुन्हा मुठी आवळल्या आणि तो पुरता दुमडला. चामडं सोडलं, खिळा तळहातावर घेतला आणि तशीच उभी राहिली.

खिळा कोमट होता. वाकलेल्या जागी तर चांगलाच गरम.

म्हणजे ती ऊब लोखंडाची होती. लोखंड वाकलं की तापतं, एवढीच गोष्ट. लहानपणापासून जे तिने दादाचं म्हणून सांभाळलं, ते कुठल्याही खिळ्याने कुणालाही दिलं असतं. तिला पोरकं वाटलं. भात करपल्याचा वास आला तेव्हा ती भानावर आली, गॅस बंद केला, आणि मग मनात आलं, की लोखंड आपण होऊन तापत नाही. कुणीतरी त्याला तापवलं होतं आणि निवायच्या आत घाईने आणून दिलं होतं.

तो भात दोघांनी निमूटपणे खाल्ला.

स्पर्धेच्या दिवशी नवऱ्याने गाडीला सुट्टी दिली. व्यायामशाळेच्या हॉलमध्ये लोखंडी घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, समोर दोन टेबलं. पहिल्या टेबलावर खिळे, तिथे बाई पंच. दुसऱ्यावर बोल्ट, तिथे दादा. खिळा वाकला तरच बोल्टापाशी जाता येत होतं. बाई पंचांनी नियम वाचून दाखवले. चामडं पंच तपासतील. मिनिटभराचा वेळ. आणि एकदा सुरू केलं की स्पर्धकाशी कोणी बोलायचं नाही, पंचांनीसुद्धा नाही. कोणी सूचना दिली तर तो प्रयत्न बाद.

तिच्या पुढे-मागे सगळे दंड फुगवलेले तरुण. एकाने अदबीने विचारलं, "काकू, पाणी हवंय का? की तुम्ही कुणाला सोडायला आलात?"

"कुणाला तरी न्यायला आलेय," ती म्हणाली.

खिळा वाकला. तिला वाटलं होतं त्याहून सोपा गेला, कारण तिचं लक्षच तिकडे नव्हतं. बाई पंचांनी पाठ थोपटली आणि पुढच्या टेबलाकडे हात केला.

दादाने आधी चामडं बघितलं. उलटून, कडा चाचपून, टाका कुठे आहे का ते बघून. मग बोल्ट तिच्यासमोर ठेवला. मग वर बघितलं.

तिने इतके महिने या क्षणाचा विचार केला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काहीच उमटलं नाही. फक्त पापण्या एकदा मिटून उघडल्या.

"तुम्ही तयार आहात?"

तुम्ही. तिने चामडं बोल्टाभोवती घट्ट गुंडाळलं.

"हो."

"सुरू करा."

तिने मुठी हनुवटीखाली आणल्या. दादा हातभर अंतरावर उभा होता. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. तिने दाबलं. बोल्ट म्हणजे खिळा नव्हे. त्याच्या अंगात काहीच नव्हतं, ना होकार ना नकार. मनगटं थरथरायला लागली. ती पुन्हा दाबू लागली आणि बोल्ट किंचित, केसभर, झुकला. तिने सगळं बळ त्या कोनावर टाकलं आणि त्या नादात कोपरं बरगड्यांपासून सुटून बाहेर फाकली. उजवा खांदा वर चढला. दुखतंय हे कळत होतं, पण सोडवत नव्हतं. सोडलं तर तो "धन्यवाद" म्हणेल, "तुम्ही बसा" म्हणेल.

"अगं कोपर आत घे! आत! किती वेळा सांगायचं तुला, खांदा निखळेल!"

आवाज दादाचा होता. तिच्या हातांतला जोर एकदम गेला. बोल्ट टेबलावर पडला, जेमतेम वाकलेला, कुठल्याच मोजमापात न बसणारा.

बाई पंच खुर्चीतून उठल्या. "सर, बोलायचं नसतं."

"हो." दादाचे कान लाल झाले होते. तो बोल्टाकडे बघत होता. "प्रयत्न बाद. चूक माझी आहे."

"त्यांना पुन्हा संधी द्यायची का?"

"नको," ती म्हणाली. "मला पुरे."

ती जाऊन नवऱ्याशेजारी बसली. त्याने तिचे हात आपल्या मांडीवर ओढून घेतले. मागे बसला असल्याने त्याला सगळं नीट ऐकू आलं नव्हतं.

"काय गं, हरलीस?"

"बाद झाले."

"मग रडतेस की हसतेस? एक काहीतरी कर, मला कळू दे."

"अहो, तो माझ्यावर ओरडला."

नवऱ्याने टेबलाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि खिशातला रुमाल तिच्या हातात दिला.

बाकीचे स्पर्धक झाले. दादा प्रत्येकाला "तुम्ही तयार आहात?" विचारत होता, आणि दर वेळी तिला ते ऐकून बरं वाटत होतं. बक्षिसं वाटली गेली, पोरांनी फोटो काढले, हॉल रिकामा झाला. दादा गेला नाही. त्याने वाकलेलं लोखंड एका पेटीत भरलं, टेबलं पुसली, पुन्हा पुसली. आता पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"जा ना," नवरा पुटपुटला. "त्यासाठीच आलीस ना?"

"आवरू दे त्याला."

दादाने इकडेतिकडे बघितलं आणि पहिल्या रांगेच्या त्या टोकाची खुर्ची उचलून घडी घातली. भिंतीला टेकवली. मग दुसरी. तो तिच्याकडे बघत नव्हता, पण मागच्या दाराकडेही नाही. ती उठली. पुढे जाऊन त्याच रांगेच्या या टोकाची खुर्ची तिने उचलली. मनगटातून कळ गेली, तरी घडी घातली आणि ठेवली. तिकडे खट्. इकडे खट्. रांग दोन्ही बाजूंनी आखूड होत चालली होती आणि ती मुद्दाम सावकाश काम करत होती, कारण मधल्या खुर्च्या संपल्यावर काय म्हणायचं ते तिला अजून सुचलं नव्हतं.