खंडेनवमी आणि व्ही-एट

गाडीच्या तपासणीची तारीख माझ्या नवऱ्याने मुद्दाम दसऱ्याची घेतली. जर्मनीतल्या बोब्लिंगेनच्या वाहन-तपासणी केंद्राने बुधवार आणि शुक्रवार असे दोन दिवस देऊ केले होते. शुक्रवारी दसरा, म्हणून त्याने शुक्रवारी सकाळी साडेआठची वेळ पक्की केली आणि शेवटच्या ट्यूनिंगसाठी गुरुवारी रजा टाकली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते, हे त्याच्या लक्षात आले नाही. माझ्याही आले नाही.

गाडी अमेरिकन होती, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, दोन दारांची, दांडग्या इंजिनाची मसल कार. जर्मनीत युरो येऊन दोन-तीन वर्षे झाली होती. मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन सैनिकाकडून नवऱ्याने ती घेतली, तेव्हा तिचे आठ सिलिंडरचे व्ही-एट इंजिन जाम झालेले होते. त्याच काळातले, त्याच बनावटीचे दुसरे इंजिन त्याने एका अपघातग्रस्त स्टेशन वॅगनमधून मिळवले. तो स्टुटगार्टच्या एका कंपनीत इंजिन कॅलिब्रेशनचे काम करत असे, म्हणजे दिवसभर पडद्यावर आलेख पाहत असे. कॉलेज सुटल्यापासून त्याने कार्बोरेटरला हात लावलेला नव्हता.

गाडी ठेवली होती शेजारच्या खेड्यात, एका निवृत्त शेतकऱ्याच्या कोठारात. सत्तरीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. ऑगस्टमध्ये माझे सासरे तीन महिन्यांच्या व्हिसावर आले आणि तिसऱ्या दिवसापासून कोठारात जाऊ लागले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांनी सदतीस वर्षे लेथ चालवला होता. शेतकरी त्यांना 'हेर कोलेगे', म्हणजे सहकारी महाशय, म्हणू लागला. सासरे त्याला 'पाटील' म्हणत. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. जुने इंजिन चेनपुलीने वर उचलताना दोघांनी फक्त हाताने खुणा केल्या, आणि नवऱ्याला बाजूला उभे केले.

सप्टेंबरअखेर नवे इंजिन बसले. ते सुरू होई, पण मंद गतीवर अडखळत असे. धुरातले कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या वर जात होते, आणि ते खाली आल्याशिवाय तपासनीस सही करणार नव्हता. सहीशिवाय नंबर प्लेट नाही आणि प्लेटशिवाय गाडी रस्त्यावर नाही. पुढची वेळ तीन आठवड्यांनी मिळत होती. सासऱ्यांचे विमान रविवारी होते. गुडघ्यांमुळे इतका लांबचा प्रवास पुन्हा करणार नाही, हे त्यांनी येतानाच सांगितले होते. मागणी एकच होती : "एकदा हिच्यात बसवून फिरवून आण. मग मी जातो."

गुरुवारी सकाळी नऊला आम्ही दोघे कोठारात पोहोचलो. सासरे सहालाच पाटलांबरोबर पुढे गेले होते. जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली होती. तिच्यावर डिझेलने धुऊन पुसलेले सगळे पाने, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हातोडी, चाकू, आणि ठिणगीची वेळ जुळवायचा टायमिंगचा दिवासुद्धा, आकाराप्रमाणे मांडलेले होते. प्रत्येकावर हळदकुंकू आणि पाटलांच्या बागेतला झेंडू. बॉनेटवर स्वस्तिक काढायचे नाही, इथे ते नाझींचे चिन्ह मानतात, हे मी आधीच सांगून ठेवले होते. त्यांनी 'श्री' काढले होते.

नवरा चादरीजवळ उभा राहिला.

"बाबा, टायमिंग राहिलंय. तेवढा दिवा घेऊ?"

"आज न्हाई. आज हत्यारांची सुट्टी."

"उद्या साडेआठला तपासणी आहे."

"मग उद्या सहाला ये."

"आणि नाही जमलं तर? तुम्हीच म्हणालात ना, एकदा बसायचंय म्हणून?"

"म्हणालो. पण नवमीला लेथ चालवून मी कधी कुणाचं काम दिलेलं न्हाई. तुझ्या लग्नाच्या वर्षीपण न्हाई."

नवऱ्याने जॅकेट चढवले. "बाजारातून नवा स्क्रू ड्रायव्हर आणतो. त्याची पूजा झालेली नाही."

"आण की. त्यालाबी जागा हाय." सासऱ्यांनी चादरीची कड सारखी केली.

पाटलांनी मला विचारले, वाद कशाचा आहे. वर्षातून एक दिवस अवजारांना विश्रांती असते, त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत, असे मी सांगितले. या खेड्यात रविवारी कोणी ड्रिल चालवले तर शेजारी दार वाजवत. पाटलांना फार समजवावे लागले नाही.

"आल्झो, म्हणजे रविवारच," ते म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी आपला विळा आणि झाडे कापायची करवत आणली आणि चादरीच्या टोकाला ठेवली. सासऱ्यांनी दोन्हींना कुंकू लावले.

करण्यासारखे काहीच उरले नाही. नवरा स्टुलावर बसून राहिला. पाटलांनी कॉफी आणली, मी डब्यातल्या करंज्या काढल्या. साडेअकराच्या सुमारास सासरे फडके घेऊन इंजिन पुसू लागले. पुसायला बंदी नव्हती; पूजेची सुरुवातच पुसण्याने होते. गेले तीन आठवडे ते इंजिन कोणी थंड आणि बंद असताना इतक्या सावकाश पाहिले नव्हते. कार्बोरेटरच्या मागच्या बाजूला, बोट जेमतेम जाईल अशा जागी, त्यांचे फडके अडकले.

"हिकडं ये," ते म्हणाले.

एक करंगळीएवढी रबरी नळी खालच्या अंगाने चिरलेली होती. वरून ती नवी दिसत होती. नवऱ्याने बोट लावून पाहिले आणि तो हसू लागला. त्या चिरेतून इंजिन बाहेरची हवा ओढत होते. एक सिलिंडर त्यामुळे उपाशी राहत होता, आणि त्याला पुरावे म्हणून नवरा रोज सगळ्यांनाच जास्त पेट्रोल पाजत होता.

"आलेखात दिसलं न्हाई व्हय?" सासऱ्यांनी विचारले.

"आलेख काढायला सेन्सर लागतो, बाबा. हिला एकही नाही."

"फडकं हाय की."

पाटलांकडे ट्रॅक्टरची तशीच नळी होती. पण ती कापायला चाकू लागणार होता, आणि चाकू चादरीवर होता. नवऱ्याने चाकूकडे पाहिले, मग वडिलांकडे पाहिले, आणि आणखी एक करंजी घेतली.

खेड्यात सहाच्या आत इंजिन सुरू करायची परवानगी नव्हती. शुक्रवारी पावणेसहाला आम्ही चौघे कोठारात होतो. सासऱ्यांनी नमस्कार करून चादरीवरची फुले उचलली आणि पहिला चाकू नवऱ्याच्या हातात दिला. सहा वाजता इंजिन सुरू झाले. अडखळणे गेले होते. नवऱ्याने पेट्रोलचे स्क्रू थोडे थोडे आवळले. सासऱ्यांनी दिव्याच्या उजेडात खुणेकडे पाहत सिलिंडरांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर जेमतेम केसभर फिरवला. उसन्या आणलेल्या धूरमापकावरचा आकडा मर्यादेखाली उतरला आणि तिथेच राहिला. सात वाजून दहा मिनिटांनी पाटलांच्या ट्रेलरवर गाडी चढली.

तपासनीस तिशीतला होता. त्याने इंजिनाचा क्रमांक कागदाशी दोनदा ताडून पाहिला, ब्रेक पाहिले, धूर मोजला. मग बॉनेटवरच्या लाल अक्षरावर पेन टेकवून त्याने विचारले, हे पुसले जाते का. पुसले जाते, असे मी सांगितले. त्याने सही केली. सासऱ्यांनी त्याच्या हातात पाटलांच्या अंगणातले बर्चचे पान ठेवले, कारण आपटा तिथे मिळत नाही. त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवून दिले. दुपारी बाराच्या आत नंबर प्लेट हातात आली.

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. सासरे पुढे, पाटील आणि मी मागे. दोन्ही बाजूंना सफरचंदाची झाडे होती, फळे उतरवून झालेली. उद्यमनगरात सासरे नव्या कामगाराला सांगत, लेथच्या शेजारी माणसाला डुलकी लागली की समज, यंत्र बरोबर चाललंय. हे नवऱ्याने मला लग्नानंतर लगेच सांगितले होते, तेव्हा मला ते आळशीपणाचे समर्थन वाटले होते.

चढ संपल्यावर नवऱ्याने विचारले, "आवाज कसा वाटतोय, बाबा?"

उत्तर आले नाही. पाटील पुढे वाकले, त्यांनी सासऱ्यांकडे पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले.

"झोपलेत," मी सांगितले.

नवऱ्याने परतीचे वळण सोडून दिले आणि गाडी सरळ पुढे नेली.