बधिर बोटं

बेकरीवाल्या काकांनी व्हायोलिन हातात धरलं ते बायको गेल्यावर. भट्टी पहाटेची, गल्ला मुलाकडे, दुपार मोकळी. घरात बोलायला कुणी नाही. मग चौकापलीकडच्या बाईंच्या क्लासात जाऊन बसले, आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत.

"साठी बुद्धी नाठी," मुलगा गिऱ्हाइकांना सांगायचा. "आमच्या बाबांना आता वाजंत्री व्हायचंय."

काकांनी मनावर घेतलं नाही. तीन वर्षं रोज दुपारी पिठाच्या गोण्यांमागे बसून सराव केला. मग पहिल्या परीक्षेला बसले. बाहेरच्या बाकावर पोरांच्या आया त्यांना विचारत होत्या, "नात का हो, नातू?" काका म्हणाले, "मीच." एकीने तोंडावर रुमाल धरला.

निकाल आला तेव्हा दुकानात गर्दी होती. मुलाने पाकीट फोडलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, "सूर, पंचवीसपैकी चार. शेरा, विद्यार्थ्याने दुसरा छंद शोधावा."

दुकान खो-खो हसलं. काका ट्रे घेऊन दारात उभे होते.

"खोली फार गार होती," ते कसंबसं म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं!" मुलगा म्हणाला, आणि पुन्हा हसू उसळलं.

काका क्लासला जायचे बंद झाले. बरेच दिवस वाट पाहून बाईच बेकरीत आल्या. एकेकाळी मोठ्या वाद्यवृंदात वाजवलेल्या, आता पोरांवर खेकसून घसा बसलेल्या. मागच्या खोलीत काका कणीक तिंबत होते.

"परीक्षक खडूस होता," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी नक्की पास व्हाल."

"बाई, लहान पोराला सांगतात तसं सांगू नका. मला काय येत नाही ते सांगा."

बाईंनी पदराची पिन काढली. "हात द्या. आणि तिकडे भट्टीकडे बघा."

काकांनी डावा हात पुढे केला.

"काही जाणवलं?"

"काय जाणवायचंय?"

काका वळले. तर्जनीच्या टोकावर रक्ताचा थेंब उभा होता.

"चाळीस वर्षं तापलेले ट्रे उचललेत तुम्ही," बाई म्हणाल्या. "बोटांची टोकं बधिर झालीत. बोट तारेवर कुठे पडलंय हेच तुम्हाला कळत नाही. कळतं ते वाजल्यावर."

"हो," काका हळूच म्हणाले. "वाजल्यावर कळतं. प्रत्येक वेळी कळतं. अंगावर काटा येतो."

"तेच तर. कान चांगला आहे तुमचा. बहिरे असता तर सुखी झाला असता."

काकांनी बोट एप्रनला पुसलं. "हे तुम्हाला कधी समजलं?"

"पहिल्याच महिन्यात."

"मग तीन वर्षं...?"

"त्या वर्गात माझं मन लावून ऐकणारे तुम्ही एकटेच होता," बाई म्हणाल्या. "तुम्ही गेला असता तर मी कुणासाठी शिकवलं असतं?"

काकांनी कणकेचा गोळा फळीवर असा आपटला, की पिठाचा ढग उडाला. "चालत्या व्हा," ते म्हणाले. बाई गेल्या. त्यांना अडवायला काकांनी मान वर केली नाही.

त्या रात्री जेवताना मुलाला काय वाटलं कोण जाणे. म्हणाला, "बाबा, वाजवा की अधूनमधून. गिऱ्हाइकं विचारतात."

"हसायला?"

मुलाने ताटाकडे पाहिलं.

एक मात्र झालं. आपण ढ आहोत, ही काकांच्या मनातली सल गेली. तिच्या जागी दुसरी आली. ती जास्त खोल होती, कारण तिच्यावर मेहनतीचा इलाज नव्हता. व्हायोलिन त्यांनी गल्लीतल्या एका शिंप्याच्या मुलीला देऊन टाकलं आणि तिच्या घरावरून जायचं बंद केलं.

आता सुट्टीच्या दिवशी ते मैफलींना जाऊन सभागृहात अगदी मागच्या रांगेत बसतात. एखादा सूर केसभर खाली उतरला, तरी त्यांचा चेहरा आंबट होतो. परवा शेजारच्या गृहस्थांनी ते हेरलं आणि आदराने विचारलं, "आपणही वाजवता वाटतं?"

"छे," काका म्हणाले. "माझी बेकरी आहे."