कपाला कान लावणाऱ्या मावशींचा फोन

कप-बशांच्या त्या कारखान्यात साच्यातून निघालेला ओला कप सगळ्यात आधी यायचा तो मावशींच्या हातात. कप वेगळा, त्याचा कान वेगळा. दोन्हीकडे सुईने चार रेघा ओढायच्या, पातळ चिखलाचं बोट फिरवायचं, कान दाबून धरायचा, मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचं आणि ओल्या स्पंजाने कडा पुसून कप फळीवर ठेवून द्यायचा. एकोणीस वर्षं हेच काम. "कान उपटणारे पोत्याने सापडतील," मावशी म्हणायच्या, "लावणारी माणसं मोजकीच." बोलणं तिखट, पण हात इतका हलका की भट्टीतून त्यांच्या कपाचा कान तुटून आलेला कुणी पाहिला नव्हता.

त्यांना फोन घेऊन दिला लेकीने. लेक लग्न होऊन लांब गेलेली, आणि फोन त्या वर्षी ज्याच्या त्याच्या हातात दिसायचा तो. मावशींनी आधी नाकं मुरडली. "एवढ्या मोठ्या पाटीचं मी काय करू? भाकऱ्या थापू त्यावर?" मग एके दिवशी तो फोन त्यांच्या हातून निसटला आणि थेट चिखलाच्या बादलीत! सगळी शेड आ वासून बघत राहिली. मावशींनी तो बाहेर काढला, नळाखाली धरला, पदराने पुसला, तर बाई आपला चालू! लेकीचा फोटोसुद्धा जागच्या जागी. झालं. दोन महिन्यांच्या आत शेडमधल्या सतराच्या सतरा बायकांनी तोच फोन घेतला. तोच काळा रंग, आणि पडद्यावर तोच निळा डोंगर. एकीचा चार्जर विसरला तर सोळा जणींचे हजर. बिघडला तर कोपऱ्यावरचा दुकानदार डोळे मिटून दुरुस्त करून द्यायचा.

पण एक पंचाईत होती. फोन म्हणे बोट ओळखून उघडतो. या बायकांची बोटं ओल्या मातीत घासून घासून इतकी गुळगुळीत झालेली की फोन एकीलाही ओळखायला तयार नाही. "मी तुझी मालकीण आहे रे मेल्या!" म्हणून मावशी त्याच्यावर ओरडायच्या. आकडे टाकून उघडावा तर आकडे विसरायला होतात. शेवटी सगळ्यांनी कुलूपच काढून टाकलं. कुणीही बोट फिरवावं आणि फोन उघडावा. मुकादमबाईंनी दोनदा बजावलं होतं, पण ऐकतंय कोण?

मावशींना फोनची खरी किंमत कळली ती काकांमुळे. काका म्हणजे त्यांचे यजमान. तीस वर्षं बस चालवली त्या माणसाने, आणि मग दोन्ही डोळ्यांच्या काचा धुरकट होत गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पुढचा पडदा खराब झालाय, कुणी मागे डोळे दान करून गेलं तर बदलता येईल. तीन वर्षं काका घरात चाचपडत होते. मावशी कामावर गेल्या की दिवसभर एकटे. संध्याकाळी फोन त्यांना बातम्या वाचून दाखवायचा आणि काका त्या फोनशीच वाद घालायचे. लेक पडद्यावर आली की आवाजाच्या दिशेने तोंड करून हसायचे. तेवढ्यासाठी मावशींनी त्या फोनचे शंभर गुन्हे माफ केले होते. सकाळी उठल्याबरोबर येणारे फुलांचे चाळीस फोटो, 'तुमचं खातं बंद होणार' म्हणून धमकावणारे भामटे, जेवताना मान वर न करणारा पुतण्या, सगळं माफ.

दवाखान्याच्या यादीत नाव घालताना कारकुनाने विचारलं होतं, "दुसरा एखादा नंबर?"

"कशाला?" मावशी ऐटीत म्हणाल्या होत्या. "हा कायम माझ्याजवळ असतो."

आता कायम म्हणजे तरी किती? बादलीच्या त्या प्रकरणापासून शेडमध्ये फोन न्यायला बंदी. फोन वाजला की कोपर हलतं, आणि ओल्या कपाला नुसता धक्का लागला तरी तो वाकडा होतो. म्हणून दारापाशी, वॉचमनदादांच्या खुर्चीमागे एक लांब फळी होती आणि तिच्यावर प्रत्येकीची जागा ठरलेली. मावशींची चौथी. त्यांनी दादांना सांगून ठेवलं होतं, "चौथा वाजला की धावत या. बाकीचे बोंबलू देत."

त्या सोमवारी दवाखान्यातून फोन आला. काकांचं नाव सगळ्यात वर आलंय. या आठवड्यात कधीही बोलावू. दोनदा फोन करू, नाही उचलला तर पुढच्या नावाला विचारू. मावशींचं खाण्यापिण्यातलं लक्ष उडालं. दर तासाला काहीतरी निमित्त काढून त्या दारात डोकावून यायला लागल्या.

आणि गुरुवारी वॉचमनदादांना स्वच्छतेचं भरतं आलं. मालक पाहणीला यायचे होते ना! फळीवर मातीची पांढरी पूड साचलेली. दादांनी सतरा फोन उचलले, फळी लख्ख पुसली आणि सतरा फोन पुन्हा ओळीत मांडून ठेवले. इतके सरळ की पट्टी लावून बघावी. कोण कुठल्या जागी होता, हे बघायचं मात्र राहून गेलं.

अकरा वाजता एक बाई रजा घेऊन निघाली. कपांवर निळी रेघ ओढायचं काम करणारी. तिचं तोंड सकाळी सुरू झालं की भोंगा होईपर्यंत बंद व्हायचं नाही, म्हणून सगळ्या तिला माघारी टकळी म्हणत. तिला तेवढं सोडून सगळ्यांना हे ठाऊक होतं. तिने आपल्या जागेवरचा फोन पिशवीत टाकला आणि लेकीकडे जायला बसमध्ये बसली.

एक वाजता जेवणाची सुट्टी झाली. मावशींनी चौथ्या जागेवरचा फोन उचलला, बोट फिरवलं, आणि आत एक टक्कल असलेलं गोबरं बाळ जीभ काढून हसत होतं. टकळीचा नातू! त्याचे फोटो शेडमधल्या सगळ्यांना पाठ झालेले.

"दादा! काय करून ठेवलंत हो हे?"

दादांचं तोंड एवढंसं झालं. मावशींनी टकळीच्या फोनवरून स्वतःचाच नंबर लावला. नशीब, तेवढा तरी पाठ होता. एके काळी पंचवीस नंबर जिभेवर असायचे. आता सगळे फोनच्या पोटात, आणि फोन बसमध्ये. घंटी वाजली, आणि पलीकडून कट. पुन्हा लावला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा तेच.

तिकडे बसमध्ये काय झालं ते नंतर कळलं. टकळीने पिशवीतून फोन काढला तर पडद्यावर लिहिलेलं 'टकळी'. ती म्हणाली, हे असलं नाव मी तर कुणाचं घातलेलं नाही! नक्की कुणी भामटा असणार. मुकादमबाईंनीच सांगून ठेवलं होतं, ओळखीचं नाव नसेल तर उचलू नका. तिने शहाण्यासारखा तीन वेळा कापला आणि शेजारणीला भामट्यांच्या गोष्टी सांगत बसली.

इकडे मावशी मटकन खाली बसल्या. डबा तसाच. "माझ्याच तोंडाने सांगितलं, दुसरा नंबर कशाला म्हणून," त्या म्हणाल्या. "मोठी आली शहाणी! माणूस तीन वर्षं अंधारात बसलाय, आणि मी माझ्या मिजाशीत." मावशींना रडताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. एकेक करत सगळ्यांनी आपापले डबे मिटले. मुकादमबाई म्हणाल्या, "ऊठ आधी. सरळ दवाखान्यात जाऊन बस. मी टेम्पो काढायला सांगते."

तेवढ्यात मावशींच्या हातातला फोन वाजला. त्यांचा स्वतःचाच नंबर.

"मावशी, डोळे आलेत!" टकळी किंचाळली. एरवी हे वाक्य ऐकून कुणीही चार हात लांब पळालं असतं. "दवाखान्यातून फोन होता. एकदा येऊन गेला, तो मी गप्पांच्या नादात घेतला नाही. मग पुन्हा वाजला, वर नाव डोळ्यांच्या दवाखान्याचं. म्हटलं, आपल्या फोनात हे कुठून आलं? तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मी सांगून टाकलंय, निघालोय म्हणून. चारच्या आत दाखल व्हायचंय. पळा!"

"अगं, तू—"

"पळा म्हणते ना! आणि ही टकळी कोण, ते मी मागाहून बघते."

कपांच्या खोक्यांनी भरलेला टेम्पो तसाच निघाला. खोकी उतरवायला वेळ कुणाला होता? एरवी बैलगाडीच्या चालीने जाणारा ड्रायव्हर त्या दिवशी असा सुटला की मागे कपांचा नुसता खळखळाट. घरी काका दारातच उभे होते. टेम्पोचा आवाज ऐकून म्हणाले, "कोण हा? गिअर कसा टाकतोय?" मावशींनी त्यांना चपला शोधू दिल्या नाहीत. आपल्याच त्यांच्या पायात सरकवल्या आणि स्वतः अनवाणी बसल्या.

मधल्या रस्त्यात गाड्या अडकून पडल्या. सव्वातीन, साडेतीन. मावशी सारख्या घड्याळ बघत होत्या आणि काका शांत. "एवढी वर्षं वेळेवर पोचवलं लोकांना," ते म्हणाले, "आज कुणीतरी मला पोचवेल." मावशींनी काकांचा हात घट्ट धरून ठेवला.

चारला पाच मिनिटं कमी असताना दोघं दवाखान्याच्या दारात. काउंटरवरची नर्स उठून उभी राहिली.

"आलात एकदाचे! तुमच्या त्या बाईंना आधी सांगा हो, पोचलो म्हणून. दर दहा मिनिटांनी फोन. आता पुलावर आलेत, आता सिग्नलला आहेत, काकांना चहा कमी साखरेचा चालतो, मावशी बोलायला फटकळ पण मनाने चांगल्या आहेत. यादीतल्या पुढच्या माणसाला फोन लावायला मी दोनदा हात उचलला, दोन्ही वेळा यांचा फोन हजर!"

मावशींना हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. जिच्या तोंडाला एकोणीस वर्षं त्या कंटाळल्या होत्या, तिने एका तोंडाच्या जोरावर काकांची जागा धरून ठेवली होती. ती तर दुसऱ्याच रस्त्याला, बसमध्ये बसलेली, पूल नि सिग्नल तिला कुठून दिसणार? सगळं मनानेच सांगत होती बिचारी.

टकळी लेकीला न भेटताच पुढच्या थांब्यावर उतरून परत आली होती. संध्याकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर दोघींनी फोन बदलले. मावशींनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "तुझे उपकार मी फेडू शकत नाही गं. आणि ते नाव... आत्ता पुसून टाकते बघ."

"राहू दे," टकळी नाक फुगवून म्हणाली. "आज त्याच तोंडाने काम केलंय. पण लेकीला घेऊन येईन एकदा, तेव्हा तिच्यादेखत तसं म्हणू नका म्हणजे झालं." मग तिने नातवाचे सहा नवीन फोटो दाखवले आणि मावशींनी सहाही मन लावून पाहिले.

फळीवर आता प्रत्येक फोनला वेगळ्या रंगाची दोरी आहे. दवाखान्याच्या वहीत तीन नंबर आहेत. आणि मावशींनी सगळे महत्त्वाचे नंबर पुन्हा पाठ केलेत. कान लावताना पाचपर्यंत मोजायच्या ऐवजी त्या एकेक नंबर पुटपुटतात. फोनला शिव्या देणं थांबलेलं नाही. पण सकाळी फुलांचे चाळीस फोटो आले की त्या आता चाळिसांनाही उत्तर पाठवतात. कोण कधी कुठे उपयोगी पडेल, काय सांगावं!

पट्टी काढली तेव्हा काकांना सगळं धुक्यातून दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. रोज थोडं थोडं धुकं विरत गेलं, आणि दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी, मावशी चहा घेऊन समोर बसल्या तेव्हा काका त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"म्हातारी झालीस गं," ते म्हणाले.

"तीन वर्षं तुम्ही बघत नव्हतात," मावशी म्हणाल्या, "तेवढ्यात उरकून घेतलं."

काका हसले. मग त्यांनी विचारलं, "कुणाचा असेल हा डोळा?"

मावशींना एवढंच ठाऊक होतं, नर्सने जाता जाता सांगितलं तेवढं. नाव सांगत नाहीत. पण डोळे देणाऱ्या माणसाच्या मुलीने, वडील गेले त्याच तासाला, स्वतः दवाखान्यात फोन केला होता. रडत होती, नीट बोलताही येत नव्हतं. तरी तिने तीनतीनदा पत्ता सांगितला, की लवकर या, वेळ जायला नको. मावशींनी हे दोन महिने पोटात ठेवलं होतं. आत्ता सांगितलं.

काकांनी चहा खाली ठेवला. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी मावशींचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला.

"मग नीट बघायला पाहिजे," ते म्हणाले.