उगें राहा, दिवा बोलतो आहे

किल्ली फिरवायची, डावा तळहात वर करायचा आणि म्हणायचं, "उगें राहा. दिवा बोलतो आहे."

एवढं झालं की आमच्या वर्कशॉपमधली ठोकाठोक थांबायची. सासरे हातातला कॉफीचा पेला खाली ठेवायचे. गाडीचा मालक चोरासारखा कोपऱ्यात उभा राहायचा. मीही गप्प राहायचो, पण दातओठ खात. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. आपण घसा फोडून ओरडावं तर कुणी ढुंकून बघत नाही आणि यांनी नुसता हात वर केला की देवळात आल्यासारखी शांतता पसरते.

मी मूळचा कोल्हापूरचा, मोटारींच्या कामात वाढलेला. ऐंशीच्या दशकात लग्न झालं आणि सासऱ्यांच्या वर्कशॉपवर कुंभकोणमला आलो. पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून तिकडं गेलेले, म्हणून त्यांच्या घरी मराठी बोलत, पण कुठल्या जमान्यातलं कोण जाणे. 'कोठें', 'मज', 'तुज'. मधेच दोन शब्द तमिळ. पिढ्यानपिढ्या सुटलेला मुलूख आपण जावयाच्या रूपानं परत आणला, असा सासऱ्यांना केवढा अभिमान! गल्लीत मात्र माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पानवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळे मला 'माप्पिळ्ळै' म्हणत, म्हणजे जावई. मीही ओ देत असे.

हा हात वर करणारा म्हणजे माझ्या बायकोच्या आत्याचा मुलगा. पहिल्यांदा पाहिला तो आमच्याच लग्नात. मंगलाष्टकं चालू असताना मांडवातले दिवे गेले. हा कुठूनसा आला, खांबावर चढला, फ्यूज बांधला आणि लखकन उजेड पडला. मांडवानं टाळ्या वाजवल्या. माझ्या लग्नातली एकुलती एक टाळी ती, आणि ती त्याला. पुढं लवकरच तो कुवेतला गेला आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. कारण तेव्हा मला सांगता आलं नसतं.

तिकडं लढाई पेटली तेव्हा एक बॅग घेऊन तो परत आला. सासऱ्यांनी त्याला वर्कशॉपमध्ये घेतलं, गाड्यांच्या वायरिंगच्या कामाला. कामावर यायचा दहानंतर, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. संध्याकाळी जाताना शर्ट तसाच पांढरा. मी दहा मिनिटांत कोळशाच्या खाणीतून निघाल्यासारखा दिसायचो. गिऱ्हाइकाच्या गाडीच्या आरशात बघून हा केस विंचरायचा आणि गिऱ्हाईक हसायचं! मी तसं केलं असतं तर गाडी दुसऱ्या गॅरेजात गेली असती.

बायको त्याला 'अत्तान' म्हणायची. मला वाटलं, दादाबिदा काहीतरी असेल. जिव्हाळा दाखवावा म्हणून एकदा भर कॉफी क्लबात मीही हाक मारली, "अत्तान, इकडं या की!" सगळं हॉटेल हसून लोळायला लागलं. मग गल्ल्यावरच्या म्हाताऱ्यानं डोळे पुसत मला समजावलं. अत्तान म्हणजे आत्याचा मुलगा, मुलीचा हक्काचा नवरा. मुलगी दुसरीकडे द्यायची तर आधी त्याला विचारायचं. कित्येक बायका लग्नानंतर नवऱ्यालाही अत्तानच म्हणतात.

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. हिला तो हवा होता का? एवढंच मला जाणून घ्यायचं होतं, आणि तेवढंच विचारायचं धैर्य नव्हतं. मग मी बारीकसारीक गोष्टी बघायला लागलो. त्याची कॉफी ती न विचारता बिनसाखरेची आणायची. मला रोज विचारायची, "साखर किती?" वर्कशॉपला लागूनच घर, तिथून मागच्या दारातून सकाळी हिची हाक यायची, "अत्तान, आलास का?" आतून उत्तर, "आलों." बस्स. पुढं एक शब्द नाही. पण त्या दोन शब्दांनी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कधी कुठल्या जुन्या शब्दावरून दोघं हसत सुटायचे आणि मी, खास महाराष्ट्रातून आणलेला मराठी माणूस, तोंडाकडे बघत राहायचो.

नव्वदीच्या मध्यावर सिंगापूरहून परतलेल्या एका डॉक्टरीणबाईंची गाडी आमच्याकडे आली. स्टिअरिंगच्या पोटात हवेचा फुगा, म्हणजे एअरबॅग, असलेली गावातली पहिली गाडी. तक्रार एवढीच, की हॉर्न वाजत नाही. समोरच्या काचेखाली एक लाल दिवा सतत पेटलेला होता आणि त्याच्याखाली चक्क चंदनाचा ठिपका आणि मोगऱ्याची फुलं. दिव्यावरचं चित्र म्हणजे बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात गोळा. डॉक्टरीणबाईंच्या आईनं ठरवून टाकलं होतं की हा मोदक घेतलेला पिळ्ळैयार, आपला गणपती. पूर्वी किल्ली फिरवली की क्षणभर दर्शन देऊन नाहीसा व्हायचा, आता अखंड तेवतो. म्हातारी रोज फुलं वाहत होती!

ही गाडी मी करणार असं मी मनाशी पक्कं केलं होतं. तो यायच्या आत मी स्टिअरिंगखाली डोकं घातलं, वीज तपासायचा टेस्ट लॅम्प घेतला आणि पिवळ्या वायरीला टोचणार, तोच मनगटावर फाडकन चापट बसली. एवढ्या वर्षांत त्याचा चढा आवाज मी तेव्हाच ऐकला.

"मरायचें आहे काय, माप्पिळ्ळै? फुगा फुटला तर तोंड उरेल काय?"

कामाची पोरं बघत होती. माझे कान तापले. त्यानं बॅटरीची वायर सोडली आणि खुशाल कॉफी प्यायला बसला. मी म्हटलं, "आता कशाची वाट बघताय?" तर म्हणे, बॅटरी काढली तरी ह्याच्या पोटात विजेची शिदोरी असते. धडकेत बॅटरीच चेचली तरी फुगा उघडला पाहिजे, म्हणून. ती शिदोरी सरेपर्यंत हात लावायचा नाही.

मग म्हातारीला समजावणं आलं. तिकडं आजीला पाटी म्हणतात. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "पाटी, ह्या पिळ्ळैयाराची रीत उलटी. किल्ली फिरवली कीं तो सगळीकडे हाक मारून बघतो. फुग्याच्या तारेला विचारतो, आहेस काय? पुढच्या सेन्सराला विचारतो, आहेस काय? सगळ्यांनी 'आहें' म्हटलें कीं सुखानें घरांत जातो. बाहेरच बसून राहिला तर समजावें, कोणी तरी ओ देत नाहीं."

"पण दिवा विझावा म्हणतोस?" म्हातारीनं कानांवर हात ठेवले.

"विझत नाहीं, पाटी. डोंगर चढतो."

तिकडं दिवा विझला असं कुणी म्हणत नाही, दिवा डोंगर चढला म्हणतात. म्हातारीचं समाधान झालं. तिनं आपल्या हातानं फुलं काढली. माझ्या पोटातलं दुखणं मात्र आणखी चढलं, कारण दाराशी उभी राहून बायको त्याच्याकडे बघत होती आणि हसत होती.

हाक मारण्याचं ते मी त्याला पुढं विचारलं. विचारल्यावाचून राहवेना. वायरीत वीज सोडून बघतात तर फुगा फुटत कसा नाही? तो म्हणाला, "इतकी थोडकी सोडतात कीं फुटणार नाहीं. तार जोडलेली आहे एवढें कळलें, पुरे." मला मागच्या दारातली सकाळची हाक आठवली. मी पान्हा आपटून बाहेर गेलो.

दोष निघाला स्टिअरिंगच्या मानेत. तिथं फितीसारखी गुंडाळलेली वायर असते, चाकाबरोबर उलगडणारी, गुंडाळणारी. ती तुटली होती. हॉर्नची वाटही तीच, फुग्याची वाटही तीच. सिंगापूरहून नवी आली, त्यानं बसवली, किल्ली फिरवली, हात वर केला. दिवा पेटला, थोडा थांबला आणि डोंगर चढला.

गाडी चालवून बघायला आम्ही दोघं नाचियारकोविलच्या रस्त्याला निघालो. स्टिअरिंगवर मी होतो, तेवढं तरी मी सोडलं नव्हतं. कापणीचे दिवस. अर्ध्या रस्त्यात भात वाळत घातलेलं. एका वळणावर पुढं चाललेली, पेंढ्यानं भरलेली बैलगाडी एकदम समोर आली. मी करकचून ब्रेक दाबला, तरी आमच्या मोटारीचं नाक बैलगाडीच्या मागच्या फळीला धडकलंच. बंपर चेपला. पट्ट्यानं छाती आवळली. फुगा जागचा हलला नाही.

खरं सांगतो, मला आनंद झाला. गाडीवानाच्या शिव्या खात मी ओरडलो, "कुठाय तुमचा फुगा? आं? हेच का काम केलंत?"

तो शांतपणे उतरला, बंपर बघितला, गाडीवानाशी चार शब्द गोड बोलला आणि परत येऊन बसला. खिशातून त्यानं सुपारी काढली, धक्क्यानं पायाशी पडलेला कॉफीचा रिकामा पेला उचलून त्यात टाकली आणि पेला हलकेच हलवला. सुपारी तळाशी फिरत राहिली. मग पेला गुडघ्यावर दणकन आपटला. सुपारी उडून माझ्या मांडीवर पडली.

"खड्डा निराळा, दणका निराळा. पुढच्या सेन्सराला वाटलें असेल कीं दणका. पण मधल्या पेटींत दुसरा बसला आहे, तो म्हणाला, नाहीं, पट्टा पुरे. एकाने म्हणून चालत नाहीं, माप्पिळ्ळै. दोघांनीं 'हो' म्हणावें लागतें." मग हसून म्हणाला, "तुमचा सेन्सर फार नाजूक. खड्ड्याखड्ड्याला फुगा."

मला काय झालं कळलं नाही. इतकी वर्षं न विचारलेलं एकदम बाहेर आलं. "आणि तुमचं? तुमच्या दोघांचं काय होतं?"

त्यानं बाहेरच्या भाताकडे बघितलं. एक कोंबडी दाणे टिपत होती आणि एक बाई तिला हाकलत होती.

"मी 'हो' म्हटलें होतें," तो म्हणाला. "मामांनीं सांगितलें, तिकडून 'हो' आलें नाहीं. झालें. मग कशाला तें?"

परत येताना मी शीळ घालत होतो. तिनं नाही म्हटलं होतं! त्या दिवशी मी त्याला स्वतःच्या हातानं कॉफी आणून दिली. साखर घातली होती. त्यानं मुकाट्यानं प्यायली. त्यानंतरचे काही महिने मला तो जवळजवळ आवडायला लागला होता. माणूस गमावून बसलाय म्हटल्यावर त्याचा पांढरा शर्टही फारसा खुपत नाही.

पुढं तो मस्कतला गेला, कायमचाच. जाताना बायकोनं त्याला लोणच्याची बरणी बांधून दिली. त्यानं गाडीत बसून हात वर केला, तोच तळहात. मागच्या दारातली सकाळची हाक बंद झाली.

एक दिवस मी मोठ्या मनाचा आव आणून तिला म्हटलं, "बरं केलंस, तू त्याला नाही म्हटलंस."

ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली. "मी कधीं 'नाहीं' म्हटलें?"

"म्हणजे?"

"मज कोणीं विचारिलेंच नाहीं हो," ती म्हणाली. "अप्पांना तिकडचा जावई हवा होता." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस, हे मी त्या दिवशी विचारलं नाही, आजही विचारत नाही. मस्कतचा फोन नंबर घरात आहे. त्याला कळवावं असं तुमच्या मनात आलं असेल. मी का कळवू? तुम्ही कळवलं असतं का?

डॉक्टरीणबाई पुन्हा मुलाकडे सिंगापूरला गेल्या तेव्हा ती गाडी मी घेतली, हट्टानं. आता ती मीच चालवतो, तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं देवळात जातो. ती शेजारी बसते. मी किल्ली फिरवतो, लाल दिवा पेटतो आणि मी काहीतरी बोलायला तोंड उघडतो.

तेव्हा ती डावा तळहात वर करते. समोर बघत, दिव्यावरची नजर न काढता.

"उगें राहा," म्हणते.