मॅक्रे साहेबांच्या दोन बहिणी

मस्तगडातले जगन्नाथपंत मुन्शी सकाळी आठला मिशनच्या बंगल्यावर जात तेव्हा माणसासारखे असत. दहाला परत येत ते चरकातून निघालेल्या चिपाडासारखे.

काम सोपं होतं. नव्या मॅक्रे पाद्र्यांना मराठी शिकवायची. साहेब वर्षअखेरच्या परीक्षेत पास झाले की मिशनच्या शाळेत पंतांची मास्तरकी कायम. नापास झाले, तर घरी बसायचं, तेही पंतांनीच.

आणि साहेब मराठी सोडून सगळं शिकत होते. बायबलचा जुना भाग हिब्रूतला, नवा ग्रीकमधला. या दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी आहेत, असं साहेबांनी विलायतेतच ठरवून टाकलं होतं. पुराव्यांची जाडजूड वही होती. पंतांनी 'मी उंट पाहिला' म्हटलं की साहेब उडालेच.

"उंट! हिब्रूत गामाल, ग्रीकमध्ये कामेलोस! पंडितजी, हा योगायोग?"

"साहेब, तुम्ही उंट पाहिला की नाही, तेवढं सांगा."

गोणी निघाली, तर साक् आणि साक्कोस. गोणी राहिली बाजूला, तास मात्र भरला.

घरी बायको, अरुंधतीबाई, विचारत, "पोचले का साहेब भविष्यकाळापर्यंत?"

"साहेब बिलकुल मागंच चाललेत. काल बायबलातल्या मोशेच्याही पलीकडे गेल्ते!"

परीक्षेचा शेवटचा भाग अवघड. अक्षरओळख नसलेल्या गावकऱ्याशी पाव तास बोलायचं, आणि दोघांना एकमेकांचं कळलं पाहिजे. गावकरी आणायचा पंतांनी. त्यांनी वाटूर गावचा एक शेतकरी हेरून ठेवला होता, कारण तो 'हा' आणि 'न्हाई'च्या पुढं जात नसे. ऐन वेळी गडी कापसाच्या गाडीपाशी थांबला आणि बायकोला, झुंबरबाईला, पाठवून मोकळा झाला. पंत साहेबांकडे धावले.

"साहेब, पाऊसपाणी विचारा. बहिणींना आज घरी ठेवा. हात जोडतो."

परीक्षक खुर्चीत बसले. साहेबांनी गुणी मुलासारखं विचारलं, "बाई, यंदा पीक काय?"

"कापूस."

पंतांनी डोळे मिटले.

"कापूस! हिब्रूत कार्पास, ग्रीकमध्ये कार्पासोस! बाई, या दोन भाषा बहिणी आहेत!"

"दोघींची घरं जवळ हैत का?"

"मध्ये एक समुद्र. व्यापार पुष्कळ."

"अन् कापूस त्यांच्या रानात व्हायचा?"

"नाही... बहुतेक तुमच्याकडून जायचा."

"मंग! माल गेला, मालासंगं नाव गेलं. म्या शेजारणीकडून विरजण आणते, म्हणून ती माझी बहीण झाली व्हय? रोज भांडण हाय तिच्याशी!"

"पण उंट?"

"तो बी बाजाराचाच की! आईला काय म्हणत्यात, बापाला, हाताला, पाण्याला, ते बघा. ते कोणी शेजारणीकडून मागून आणत न्हाई. जुळतंय का?"

साहेब वही उलटू लागले. इकडून तिकडं, तिकडून इकडं. शेवटी स्वच्छ मराठीत म्हणाले, "नाही हो बाई. जुळत नाही."

पाऊण तास झाला होता. मास्तरकी गेली, हे धरूनच पंत उठले. परीक्षक मात्र दौतीत टाक बुडवत होते. "पास. गावच्या बाईशी इतकं भांडले, हरले, आणि हरलेलं त्यांना कळलं. आणखी काय भाषा यायची?"

झुंबरबाई जाता जाता पंतांना म्हणाली, "भला माणूस हाय. फक्त रिकामा लई."

पंत कायम झाले, गल्लीत पेढे वाटले गेले. सोमवारी ते शाळेत पोचले, तर दारात मॅक्रे साहेब. हातात कोरी वही.

"पंडितजी, बहिणी नाहीत, शेजारणी! आता कुणी कुणाकडून काय नेलं, ते शोधायचं."

"साहेब, परीक्षा झाली ना!"

"म्हणून तर आता वेळ आहे," साहेब आनंदानं म्हणाले, "आणि तुम्हीही आता कायमचे इथेच."