आत्याचा लकवा आणि माझा उपचार

हैद्राबादेत मी जो बावळटपणा केला, तो ताडकळसातले लोक मला अजून ऐकवतात. आज माझ्याच तोंडून ऐका, म्हणजे निदान खरा तरी कळेल.

पोलीस ॲक्शनमध्ये हैद्राबाद संस्थान भारतात आलं, त्याला चार-पाच वर्षं झाली होती. मी गावात मास्तर. माझं सगळं शिक्षण उर्दूत, आणि आता शाळेत आली मराठी. एवढं घोटून घोटून शिकलेलं उर्दू बोलावं तरी कुणाशी?

त्या साली माझ्या आत्याला लकवा झाला. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला. दिवसभर रानात राबणारी बाई, भिंतीला टेकून बसून राहिली. वाचा तेवढी शाबूत होती. एकदा म्हणाली, "दिगू, मला दुसरं काई नको. माजी भाकर मला थापता आली म्हंजी झालं."

पूर्णेच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "हैद्राबादच्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टर आलेत. औषध कमी, कसरत जास्त. लकव्याची माणसं चालवतात. घेऊन जा."

मोठ्या डॉक्टरसमोर जायचं म्हणून मी तलाठ्याचे बूट मागून घेतले. बोटभर लहान होते. दवाखान्यात पोचेपर्यंत डाव्या टाचेचं सालटं निघालं. आत्याला टांग्यातून उतरवून बाकावर बसवलं आणि लंगडत लंगडत खिडकीपाशी गेलो.

"नाम?" कारकुनानं विचारलं.

आता अर्ज करणाऱ्याचंच नाव लागतं, एवढं मास्तरला कळत नाही का? मी माझं नाव सांगितलं.

डॉक्टर पन्नाशीचे, लय गोड माणूस. "तकलीफ़ कब से है?"

"जनाब, दो महीने से," म्हणून मी असं काही नक्षीदार उर्दू सोडलं की ते माझ्याकडं बघतच राहिले.

"ज़रा चलकर दिखाइए."

चाललो. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला पलंगावर झोपवलं.

तुम्ही म्हणाल, मास्तर, तुमी बोलला का न्हाई? अहो, माझ्या डोक्यानं तोवर अर्थ लावला होता. कसरत घरी करून घ्यायची, तर ती आधी घरच्या माणसाला यायला नको का? काय पण रीत, असं वाटून मला अगदी भरून आलं.

डाव्या पायाला लाल दिव्याचा शेक झाला. मग वाळूची पिशवी बांधून पाय वर-खाली. मग दोन लाकडी दांड्या धरून त्यांच्या मधून चालायचं. दारासमोरच्या बाकावरून आत्या बघायलीच होती.

"दिगू, तुला काय झालंय रं?"

"गप बस आत्या. आदी मला शिकवायलेत. मंग मी तुला शिकविणार हाय."

असे तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी बूट धर्मशाळेतच ठेवले, अनवाणी गेलो, आणि दांड्यांमधून सरळ चालून दाखवलं. डॉक्टरांनी हाताखालच्या पोरांना बोलावून मला दाखवलं. मग आत्याजवळ गेले. "अम्मा, मुबारक हो. आपका बेटा ठीक हो गया."

आत्यानं डाव्या हातानं बाकाजवळच्या खिडकीचा गज धरला आणि उठून उभी राहिली. "डागदरसायब, तो बरा झाला, चांगलं झालं. आता माजं कवा बगताव?" आणि उजवा पाय ओढत तिनं एक पाऊल टाकलं.

डॉक्टर तिच्या पायाकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. "मरीज़ कौन है?"

माझं सगळं उर्दू त्या क्षणी आटलं. मी आत्याकडं बोट केलं.

"और आपको क्या हुआ था?"

"जूता तंग था, जनाब."

त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसेपर्यंत हसले. मग हसू आवरून आत्याचा लुळा हात स्वतःच्या हातात घेतला. "अम्मा, अंगूठा हिलाओ." बराच वेळ काहीच हललं नाही. मग अंगठा जरासा वळला. आत्या स्वतःच्याच हाताकडं परक्याचा असल्यासारखी बघत होती. माझी मान तर वरच होईना.

तीन आठवडे राहिलो. पायाची कसरत झाली की डॉक्टर तिच्यापुढं ओल्या मातीचा गोळा ठेवायचे, भाकरीसारखा थापायला. पहिल्या दिवशी त्याचे तुकडे झाले. शेवटच्या आठवड्यात मातीची भाकर गोल झाली, कडेला थोडी चिरलेली. आत्यानं ती डॉक्टरांपुढं सरकवली. "खावा आता," म्हणाली.

परतताना वेशीपाशी तिनं बैलगाडी थांबवायला लावली. खाली उतरली आणि काठी टेकत, हळूहळू, घरापर्यंत चालत आली. बाया गोळा झाल्या. एकीनं विचारलं, "आत्या, किती दीस लागले ओ?"

आत्या ओट्यावर टेकली आणि पदरानं घाम पुसत म्हणाली, "मला लागले बाई तीन आठवडे. आमचा दिगू तीनच दिवसात बरा झाला."